देश पाहू नये, जेवावा

आपल्याकडे परदेशी जाऊन आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारायची पद्धत आहे. पहिला, "काय काय पाहिलंत?" आणि दुसरा, "जेवणाचे फार हाल झाले असतील, नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोबाईलमधल्या सातशे फोटोंनी दिलं जातं. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात येतं, "छे!" या 'छे'चा अर्थ तिथलं जेवण आवडलं असा नसून तिथलं जेवण जेवलोच नाही, असा असतो. "अहो, आपला आचारी होता ना बरोबर! रोज वरण-भात-तूप. तिसऱ्या दिवशी तर श्रीखंड-पुरी!" हे सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर पानिपत जिंकून आल्याचं समाधान असतं.

माझं या मंडळींशी भांडण आहे. ते मी आज जाहीरपणे मांडतो आहे, कारण घरगुती पातळीवर ते मांडून झालं आणि त्याचा परिणाम नातेवाईकांकडून येणारा दिवाळीचा फराळ कमी होण्यापलीकडे काही झाला नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं : देश ही पाहण्याची गोष्ट नव्हे, जेवण्याची आहे. आणि ज्या घराने दुसऱ्या देशातली मुलगी सून म्हणून आणली, त्या घराला तर तो देश जेवल्याशिवाय तिला नांदवण्याचा हक्कच पोचत नाही.

हे बोलण्याचा अधिकार मला कसा, तर मी नेपाळचा जावई आहे. आमची सौ. पुण्यात एम. ए. करायला आली, आमच्या शाखेत खातं उघडायला आली आणि पुढे संयुक्त खातेदार झाली. काठमांडूच्या शेजारचं पाटण, म्हणजेच ललितपूर, ही माझी सासुरवाडी. (कोयनेकाठचं पाटण नव्हे. लग्नपत्रिका वाचून आमचे निम्मे नातेवाईक कराडच्या गाडीची चौकशी करत होते.)

आता कोणी म्हणेल, नेपाळ हा काय परदेश? व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत, देव ओळखीचे. पाटणच्या राजवाड्यासमोर १६३७ साली बांधलेलं दगडी कृष्णमंदिर आहे, त्यावर रामायण-महाभारत कोरलेलं. ज्या मच्छिंद्रनाथाची गोष्ट आपण नवनाथांच्या पोथीत ऐकतो, त्याचा तिथे रथ निघतो आणि पाऊस पाडायचं काम त्याच्याकडे असतं. बँकवाल्याला तर हा देश विशेष प्रिय वाटावा. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये, हा दर तसूभर हललेला नाही. असलं स्थैर्य मी फक्त आमच्या शाखेतल्या पंख्याच्या वेगात पाहिलं आहे.

परदेशाची खूण एकच : घड्याळ. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. ही पंधरा मिनिटं फार महत्त्वाची आहेत, त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

तर आमचे एक काका-काकू नेपाळला जाऊन आले. आठ दिवस, सात रात्री. पशुपतिनाथ झालं, पोखरा झालं, पाळण्यात बसून मनकामना झालं, मुक्तिनाथ झालं. सामानात पाच किलो पातळ पोह्यांचा चिवडा. आता गंमत बघा. पोह्यांना नेपाळीत म्हणतात 'चिउरा' आणि पाटणच्या नेवार लोकांच्या भाषेत 'बजी'. ज्या खोऱ्यात नेवार घरातलं कुठलंही कार्य पोह्यांशिवाय पार पडत नाही, तिथे हा जोडपं पुण्याहून पोहे घेऊन गेलं! कोकणात जाताना नारळाचं पोतं नेणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. यांना आपण 'अनुभवी प्रवासी' म्हणतो.

नुसता चिवडा नेला म्हणून मी लेखणी उचलली नसती. माझ्या सासूबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. लेकीच्या सासरची माणसं प्रथमच दाराशी येणार, म्हणून त्या माउलीने पहाटेपासून चूल सोडली नव्हती. काका-काकू आले, दहा मिनिटं बसले, भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या आणि "आमचं जेवण बुक आहे हो हॉटेलवर" म्हणून उठले. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. सासूबाईंनी मांडलेली ताटं तशीच राहिली. पुण्याला परतल्यावर काका चारचौघांत म्हणाले, "माणसं साधी आहेत हो, पण खाण्यापिण्यात राम नाही."

मी विचारतो, ज्याने खातंच उघडलं नाही, त्याला व्याजदराबद्दल तक्रार करायचा काय अधिकार?

काकांनी त्या दिवशी काय सोडलं, त्याची यादी मला सौ.ने नंतर सांगितली. ती जशीच्या तशी देतो, म्हणजे नुकसानीचा अंदाज येईल. एक : समय बजी. पोहे, भाजलेले काळे सोयाबीन, आल्याचे काप, बटाट्याचं झणझणीत लोणचं आणि डाळ वाटून तव्यावर घातलेला जाडसर बारा. आपल्या धिरड्याने व्यायाम केला तर जो होईल, तो बारा. दोन : क्वाँटी. नऊ कडधान्यांना मोड आणून केलेला रस्सा. नारळी पौर्णिमेला आपण नारळीभात खातो, त्याच दिवशी तिथे घरोघर क्वाँटी शिजते, पण पाहुण्यांसाठी सासूबाईंनी ती मुद्दाम केली होती. मोड आलेल्या उसळीसाठी जीव टाकणाऱ्या मराठी माणसाला एका वाडग्यात नऊ उसळी मिळत होत्या हो! तीन : लप्सीचं लोणचं. लापशीचं लोणचं कसं घालतात, असं विचारून हसू करून घेऊ नये. लप्सी हे तिथलं एक आंबट फळ आहे. त्याचं लोणचं खाल्ल्यावर माणूस एक डोळा मिटतो आणि दुसऱ्यांदा हात पुढे करतो. चार : भक्तपूरचं जुजु धौ. जुजु म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या भांड्यात लावलेलं. आपल्या चक्क्याने त्याला उठून खुर्ची द्यावी.

आणि पाच : योमरी. इथे मात्र मला दोन शब्द जास्त बोलू द्या. तांदळाच्या पिठाची पारी, तिच्यात तीळ आणि 'चाकु' नावाचा उसाच्या रसाचा काळसर गूळ, वर तोंड मिटून लांब टोक काढायचं आणि वाफवायचं. काय आठवलं? उकडीचा मोदक! मोदकाचाच मावसभाऊ, फक्त डोक्यावर कळ्यांऐवजी टोपी. नवा तांदूळ घरात आला की मार्गशीर्ष पौर्णिमेला योमरी करतात, म्हणजे आपल्या दत्तजयंतीच्याच दिवशी. लहान मुलांच्या वाढदिवसाला तर योमरीची माळ करून गळ्यात घालतात. गळ्यात पडलेला हार खाता येतो, असा दुसरा सत्कार मला माहीत नाही. आमच्याकडे सेवानिवृत्तांना शाल देतात.

तिथल्या पंगतीबद्दलही सांगायला हवं. नेवार भोजाला लांबच लांब गवती चटईवर ओळीने बसायचं, पुढ्यात पानांची पत्रावळ, वयाने मोठा तो आधी. पहिल्यांदा पोहे, मग एकेक पदार्थ घेऊन वाढपी फिरणार, शेवटी दही. "अलिकति थपौं?" म्हणजे "थोडं वाढू?" असं विचारतात, आणि नको म्हणायचा शब्द आहे "पुग्यो". मी हा शब्द पाठ केला होता. पण जावयाच्या तोंडी 'पुग्यो' आला तर त्याचा अर्थ 'अजून चार डाव चालतील' असा घ्यायचा, हे व्याकरण मराठी आणि नेपाळी सासुरवाडीत एकच आहे. आपल्याकडे पंगती मोडून हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायची चाल पडली. पंगतीचं सुख ज्यांना पुन्हा अनुभवायचं असेल, त्यांनी पाटणला एखादं लग्न गाठावं.

इथे एक खुलासा करतो. नेवार मंडळींच्या भोजात म्हशीच्या मांसाला मानाचं पान असतं. तेव्हा "तुम्ही ते खाल्लंत का हो?" हा प्रश्न मला दर दिवाळीला हळू आवाजात विचारला जातो. बँकेत एका ग्राहकाच्या खात्याची माहिती दुसऱ्याला देत नाहीत. माझ्या पोटाच्या खात्यालाही तोच नियम आहे. ज्याला खायचं नाही त्याच्यावर तिथे कोणी सक्ती करत नाही, एवढं मात्र सांगतो. डाळ, भात, भाजी, लोणचं हे नेपाळचं रोजचं जेवण आहे. सकाळी दहाला एकदा, संध्याकाळी एकदा. ऑफिस गाठायच्या आधी भात खाणारा देश हा कारकुनांसाठीच निर्माण झालेला आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. तेव्हा 'आम्ही शाकाहारी' ही सबब नेपाळपुरती तरी रद्द. 'पोटाला सोसत नाही' हीसुद्धा रद्द. लग्नाच्या मोसमात सलग चार रिसेप्शनांत जे पोट पनीरचे अठरा प्रकार सोसतं, त्याला मोड आलेली कडधान्यं का सोसू नयेत? पथ्याचं कारण असेल तर मी बापडा काय बोलणार! पण पथ्यवाल्यांनी श्रीखंड-पुरीचं कौतुकही सांगू नये.

आता खरा मुद्दा. नेपाळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं : रात्रीची शिट्टी, हातात काठी आणि आपण ठेवलेलं नाव, बहादूर. आमच्या लग्नात एका सुशिक्षित गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीचे वडील कुठल्या सोसायटीला असतात?" माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर पाटणच्या शाळेत गणित शिकवलं. मी तसं सांगितल्यावर ते गृहस्थ "हो का, वा वा" म्हणाले आणि त्यांच्या आवाजातला आदर एकदम चार इंच वाढला. ही चार इंच वाढ मला जास्त बोचली. सासरे सोसायटीत राखण करत असते, तर त्यांच्या मुलीने केलेलं जेवायला कमीपणा वाटला असता काय? ज्या माणसाच्या भरवशावर आपण रात्री गाढ झोपतो, त्याचं सकाळी काय शिजतं, हे आपल्याला माहीत नसतं. चिवड्याचा डबा पुण्यात भरला जातो, पण तो भरायला सुरुवात इथून होते.

आणि सून? आमच्या सौ.ला आज पुरणपोळी येते, अळूची भाजी येते, उकडीच्या मोदकाच्या एकवीस कळ्या तर ती डोळे मिटून पाडते. (पाडणारच. हात योमरीवर तयार झालेला. पण हे कोणी ऐकूनच घेत नाही.) आल्यागेल्याला आमच्या मावश्या कौतुकाने सांगतात, "अगदी आपल्यासारखी झाली हो!" या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. आपल्यासारखी झाली म्हणजे काय? आधी ती काय होती? आणि इतकी वर्षं झाली, तिला एकदा तरी कोणी म्हणालं का, की "आज तुझ्याकडचं काहीतरी कर, आम्ही जेवायला येतो"? एकदा तिने गुंद्रुक शिजवलं. गुंद्रुक म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवलेली, तिचं सार करतात. शेजारचे गृहस्थ दारात येऊन मला काळजीने म्हणाले, "तुमच्याकडे ड्रेनेज तुंबलंय का?" हेच गृहस्थ दर आठवड्याला सुके बोंबील भाजतात आणि त्या वासाला 'घरगुती' म्हणतात.

मी कॉमर्सचा माणूस आहे. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला, इतर काही शिकवोत न शिकवोत, एक गोष्ट घोटून घेतात : प्रत्येक जमेला नावे असतेच. एका बाजूला रक्कम पडली की दुसऱ्या बाजूला तेवढीच पडली पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. आपल्या लग्नांच्या खातेवहीत मात्र 'जुळवून घेणं' हे सगळं सुनेच्या नावावर आणि कौतुक सगळं सासरच्या जमेला! असला ताळेबंद घेऊन कोणी आमच्या बँकेत आला तर आम्ही त्याला कर्ज देत नाही. मग असल्या ताळेबंदावर संसार कसे मंजूर होतात?

बरं, यात तोटा कोणाचा होतो? सुनेचा होतोच, पण त्याहून जास्त नवऱ्याचा होतो. आमची सौ. मराठी उत्तम बोलते. पण मराठीत ती सभ्य आहे. मोजकं बोलते, हळू हसते, सगळ्यांना 'अहो' म्हणते. पाटणला तिच्या शाळासोबतिणी जमल्या की चित्र पालटतं. त्या पाचजणी. एक शिक्षिका, एक नर्स, एकीचं कापडाचं दुकान, बाकीच्या दोघींचं नेमकं काय चालतं ते हसण्याच्या गोंधळात मला आजवर कळलेलं नाही. त्या मला 'भिनाजु' म्हणतात, म्हणजे भावोजी. मोमोंच्या बशांवर बशा येतात, तिखट चटणीने माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागतात आणि या पाचजणी माझ्या बायकोची अशी काही माहिती देतात, जी तिने माझ्या फॉर्ममध्ये भरलीच नव्हती. शाळेची घंटा पंधरा मिनिटं आधी वाजवून अख्खी शाळा घरी पाठवणारी मुलगी ही! आणि ती स्वतः मांडीवर थाप मारून हसते, नकला करते, एकीचं वाक्य दुसरीने संपवायच्या आत तिसरं सुरू करते. संयुक्त खातं उघडून इतकी वर्षं झाली, तरी त्यातला मोठा भाग आपल्याला न दिसणाऱ्या चलनात पडून आहे, हे मला त्या टेबलापाशी समजलं. माणूस मातृभाषेत हसताना पाहिला नसेल, तर तो माणूस पाहिला असं म्हणू नये.

आणि या मैत्रिणी नुसत्या हसण्याच्या नव्हेत. २५ एप्रिल २०१५. शनिवार होता. तेव्हा आमच्या बँका शनिवारी अर्धा दिवस चालू असत. मी काउंटरवर होतो आणि सौ.चा फोन आला, की काठमांडूला मोठा भूकंप झालाय आणि घरी फोन लागत नाही. तो पाटणलाही लागत नव्हता, भक्तपूरलाही लागत नव्हता. टीव्हीवर कोसळलेली देवळं दाखवत होते. मेलेल्यांचा आकडा पुढे नऊ हजारांच्या घरात गेला. आमच्याकडे संध्याकाळ झाली, रात्र झाली. ती फोन हातात घेऊन बसून होती. रात्री उशिरा त्या नर्स मैत्रिणीचा निरोप आला. चारच शब्द होते, त्यांचा अर्थ : घरचे ठीक. चौकात भात शिजतोय.

ती तेव्हा रडली. मला त्या चार शब्दांचा पूर्ण अर्थ कळला, कारण तो चौक मी जेवलो होतो. तिथे कोण कुठे बसतं, भात कोण वाढतं, सासऱ्यांना आमटी आधी लागते की भात, हे मला ठाऊक होतं. पुढे कित्येक दिवस गल्लीतली सगळी घरं ताडपत्रीखाली एका चुलीवर जेवत होती आणि त्या मैत्रिणी पाळी लावून वाढत होत्या. ज्यांनी पाटणला जाऊन फक्त फोटो काढले, त्यांनी त्या रात्री आपले जुने फोटो पाहून "अरेरे, हे देऊळ पडलं" म्हणून हळहळ केली. देवळासाठी हळहळ वाटणं चांगलंच आहे. पण माणसांसाठी घशात घास अडकायचा असेल, तर आधी त्यांच्या हातचा घास घशाखाली उतरलेला असावा लागतो.

तेव्हा सभासदहो, युनियनमध्ये वीस वर्षं काढल्यामुळे भाषणाचा शेवट मागण्यांनीच करायची मला सवय आहे. मागण्या चारच आहेत. पहिली : परदेशी जाताना चिवडा जरूर न्यावा, पण यजमानांना देण्यासाठी. स्वतःसाठी नेल्यास तो सीमेवर जप्त करण्यात यावा. दुसरी : व्याह्यांच्या घरी ताट मांडलेलं असताना हॉटेलात बुक केलेल्या जेवणाला जेवण न मानता दंड मानावा. तिसरी : ज्या घरात बाहेरची मुलगी सून म्हणून आली आहे, मग ती नेपाळची असो, केरळची असो की नुसती नदीपलीकडची, त्या घरात आठवड्यातून एक दिवस तिच्या माहेरचा स्वयंपाक व्हावा आणि तो तिला करायला न लावता नवऱ्याने शिकून करावा. (आमच्याकडे हा वार रविवार. माझ्या योमरीचं टोक अजून वाकडं येतं, पण गूळ बाहेर येत नाही.) चौथी : तिच्या मैत्रिणींना तिच्याइतकंच मानाचं निमंत्रण जावं, भाड्यासकट.

व्यवस्थापनाने, म्हणजे तमाम सासू-सासरे, काका-काकू आणि मावश्यांनी, या मागण्यांचा सहानुभूतीने विचार करावा. तिकडे सकाळी दहाला पान वाढतात. निघालाच असाल तर घड्याळ मात्र आठवणीने पंधरा मिनिटं पुढे करा. देऊळ तुमच्यासाठी थांबेल, भात निवून जाईल.